आईचं सोनं आटवताना

सोनं वितळवायची मूस शेगडीवर चढायच्या आधीच खोलीत चार माणसं पेटलेली होती. पाचवी पेटायची बाकी होती, ती ताई. पण ती सासरहून कालच आलेली, म्हणून तिला चहा देऊन भिंतीशी बसवलं होतं.

आबांनी फर्मान काढलं होतं. आईचं जे काही सोनं मागे राहिलं ते सगळं एका मुशीत आटवायचं आणि त्याची सारख्या वजनाची तीन कडी करायची. एक थोरलीला, एक धाकटीला, एक ताईला. आई गेल्यापासून दोन्ही सुना ज्या गोड आवाजात एकमेकींशी बोलत होत्या, त्या आवाजाची आबांना धास्ती वाटायला लागली होती. सोनाराच्या घरात दागिन्यांवरून भांडण झालं तर गिऱ्हाइकांची फुकटची करमणूक होते.

“पण आबा, कानातले तरी बाजूला ठेवायचे होते,” थोरली म्हणाली. “आई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या होत्या, सूनबाई, हे तुझे.”

“मलापण म्हणाल्या होत्या,” धाकटी म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही माहेरी गेला होतात तेव्हा, वहिनी.”

“बघा! मी माहेरी गेले की आईंना बोलायला सुचायचं. त्यांचं अंथरूण मी काढलं, औषधं मी दिली…”

“दिलीत ना. आणि प्रत्येक वेळी ऐकवलंतही.”

“झालं दोघींचं?” आबा म्हणाले. “म्हणूनच आटवायचं. एकदा आटलं की त्यात कानातले कुठले आणि बांगडी कुठली, ते आमच्यासारख्यालाही सांगता येत नाही. मग भांडा कुणाशी भांडायचं ते.”

थोरलीने कानातल्यांवरची नजर काही काढली नाही. टेबलावर पितळी ताटलीत ते पडले होते. शेजारी साखळी, अंगठी आणि दोन बांगड्या. आईचा सगळा संसार त्या ताटलीत मावला होता.

कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. एका भिंतीला शेगडी आणि ऐरण, दुसऱ्या भिंतीला पत्रा काढायचं रोलर आणि तार ओढायचं जंतर, आणि रस्त्याकडच्या खिडकीखाली आबांची जागा. त्या जागेपुढे कातड्याची झोळी टांगलेली, कानस मारताना पडणारा कीस तिच्यात जमा व्हायचा. येणाराजाणारा दुकानाची पाटी वाचत नसे, खिडकीत कोण बसलंय ते बघत असे. आबा बसलेत म्हणजे दुकान उघडं आहे आणि सोनं खरं आहे, असा गावाचा हिशेब होता. आता आबांचा हात थरथरायला लागला होता आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती जागा कुणाला द्यायची ते आज कडी वळून झाल्यावर सांगतो, असं त्यांनी जाहीर केलं होतं. कडी वगैरे बायकांसाठी होती. दोघे भाऊ जमले होते ते त्या जागेसाठी.

“आज थोरल्याने नुसतं बसायचं,” आबा म्हणाले. “तपासण्यापासून कडं वळेपर्यंत सगळं धाकटा करेल.”

थोरल्याने मान हलवली. “तपासायचंसुद्धा?”

“सगळं म्हटलं ना.”

“बरं,” थोरला म्हणाला आणि टेबलाच्या पलीकडे स्टूल ओढून बसला. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय समजूतदार माणूस आहे. आत मात्र त्याच्या काळजाला कुणी कानस लावावी तसं झालं होतं.

तपासणं हे त्याचं काम होतं. मोडीचं सोनं आलं की कसोटीच्या काळ्या दगडावर ते घासायचं, उमटलेल्या रेघेचा रंग बघायचा आणि सांगायचं, यात तांबं किती, चांदी किती, घ्यायचं की परत पाठवायचं. त्याला पुष्कळदा दगडही लागत नसे. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याला दिसायचं. पण या कामाचं कौतुक कोण करणार? धाकट्याने घडवलेली साखळी आई शेजारणींना दाखवायची, हातात घेऊन, उजेडाला धरून. “आमच्या धाकट्याचा हात बघा.” थोरल्याने परत पाठवलेलं खोटं सोनं पाहुण्यांना दाखवता येत नाही. लहानपणापासून त्याने तो हात ऐकला होता आणि तेवढ्यापुरता तरी तो हात मोडावा असं त्याला पुष्कळदा वाटलं होतं. आणि आता तपासणीही गेली. म्हणजे जागा धाकट्याचीच, आबांनी आधीच ठरवलंय. आपल्याला बोलावलं ते टाळ्या वाजवायला, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

त्याचं हे साफ चुकलं होतं, आणि ते खोलीत फक्त तिघांना माहीत होतं: आबांना, धाकट्याला आणि चिमटे पुसत उभ्या असलेल्या धाकटीला.

काल संध्याकाळी आबांनी धाकट्याला बोलावून घेतलं, तेव्हा धाकटी दाराआड होती. दाराआड उभं राहणं तिला आवडत नसे, पण या घरात समोर उभं राहून कुणी काही सांगतच नाही, त्याला ती काय करणार!

“जागा थोरल्याची,” आबा म्हणाले होते. “तुला आधी सांगतो, चारचौघांत ऐकायला लागू नये म्हणून.”

“माझं काम कमी पडलं का, आबा?”

“तुझ्यासारखा हात माझाही नव्हता. पण दुकान डोळ्यावर चालतं. हात पगारावर मिळतो, डोळा मिळत नाही.”

खोलीत येऊन धाकटा रडला होता. हात पगारावर मिळतो! ज्या हाताने दुकानाची निम्मी कीर्ती झाली, तो हात म्हणे पगारावर मिळतो. धाकटीने त्याला पाणी दिलं आणि मनातल्या मनात थोरल्या दिराला दगड-डोळ्या म्हणून घेतलं. मग ती म्हणाली, “आईंचं सोनं तरी तुम्ही आटवा. सगळं तुम्हीच करायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. जाऊन सांगा.” धाकटा गेला, आबांनी ऐकलं, आणि आजचा मान त्याला मिळाला. तो मान म्हणजे तोंड पुसायला दिलेला रुमाल होता, हे धाकटीला कळत होतं. पण वहिनीच्या चेहऱ्यावर आत्ता जे पसरलं होतं ते पाहून तिला तेवढ्यापुरतं पोटभर वाटत होतं.

धाकट्याने दगडावर तेल पुसलं आणि साखळी घासली. रेघ पिवळीधमक. कानातले, अंगठी, पहिली बांगडी, सगळं नीट. मग त्याने दुसरी बांगडी उचलली. ही रुंद, उघडझाप करायच्या फाशाची. आईच्या हातातून निघालेली घरात कुणी न पाहिलेली. धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने बांगडीचा मधला भाग दगडावर घासला, रेघ पाहिली आणि बांगडी ताटलीत ठेवायला वळवली.

खिडकीतला उजेड तिरपा होता. बांगडी वळताना फाशाची आतली बाजू क्षणभर वर आली आणि थोरल्याला तिथे काहीतरी दिसलं. करडं. तांदळाच्या कणीएवढं. मळ नव्हता तो. मळ काळा असतो आणि उजेडात मरतो. हे उजेडात मंद चकाकलं.

शिशाची झाळ होती ती. तुटलेलं सोनं जोडायचं तर सोन्याचीच झाळ द्यावी लागते, आणि तिला ताव भरपूर लागतो. ज्याला ते जमत नाही, तो शिसं-कथलाचं मिश्रण वितळवून चिकटवून मोकळा होतो.

सोनं तसं भारी सोशिक. त्यात तांबं घाला, घट्ट होतं. चांदी घाला, फिकट होतं. तक्रार करत नाही. ठोका, ते पसरतं. ओढा, त्याची केसाएवढी तार निघते. आगीत जळत नाही, पाण्यात गंजत नाही. एक शिसं तेवढं त्याला सोसत नाही. कणीभर शिसं मुशीत गेलं की ओतलेली सगळी लगड आतून ठिसूळ होते, आणि ते वरून दिसतही नाही.

थोरल्याच्या ओठांवर “थांब” आलं होतं. जिभेच्या टोकावर येऊन ते तिथेच बसलं. त्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा डोळे पुसत होता आणि आबा त्याच्या पाठीवर हात ठेवत होते. आबांनी आपल्या पाठीवर शेवटचा हात कधी ठेवला, ते थोरला आठवायला लागला. त्याला आठवेना.

“बघितलंस सगळं?” आबांनी विचारलं.

“बघितलं, आबा. चोख आहे.”

“मग टाक.”

थोरल्याने हाताची घडी घातली आणि तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मूस तापली. धाकट्याने एकेक वस्तू चिमट्याने आत सोडली. कानातले गेले तेव्हा थोरलीने पदर तोंडाला लावला, बांगड्या गेल्या तेव्हा धाकटीने. ताई चहाचा कप तसाच धरून बसली होती. एकेक दागिना मान टाकल्यासारखा बसत गेला, आणि मग मुशीत नुसता एक लालबुंद थेंब फिरायला लागला. धाकट्याने चिमूटभर टाकणखार टाकला. मळ वर येऊन काचेसारखा बाजूला सरला. मग त्याने मूस सांडशीत धरली आणि एका दमात, जराही न सांडता, तापवलेल्या लोखंडी साच्यात ओतली.

“वा!” आबा म्हणाले. त्यांना नीट दिसलं नव्हतं, पण ओतण्याच्या आवाजावरून त्यांना कळलं.

थोरल्याला त्या “वा”ची फार चीड आली. हा क्षणभर थांबला असता तर अजून सांगता आलं असतं, असंही त्याच्या मनात आलं. पण आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं.

लगड निवली. धाकट्याने ती ऐरणीवर दोन-तीनदा हलक्या हाताने ठोकून रोलरला लावली. धाकटी मूठ फिरवत होती. पहिल्या फेरीत लगडीच्या कडांना बारीक दातरे पडले. धाकटा थांबला, त्याने बोट फिरवलं, पुन्हा ताव दिला, पुन्हा लावली. दुसऱ्या फेरीला कट् असा आवाज आला आणि लगड मधोमध बिस्किटासारखी चिरली.

सोनं तुटताना त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. सोनं वाकतं, झिजतं, हरवतं; तुटत नाही.

“काय झालं?” आबांनी विचारलं.

धाकट्याने दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. आबांनी तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग उलटा. जागा खरखरीत, खडीसाखरेसारखी दाणेदार लागली.

“शिसं,” ते म्हणाले.

“शक्यच नाही,” धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी एकूणएक तपासलं. तुमच्यासमोर.”

“नीट तपासलं असतं तर हे झालं असतं का, भावजी?” थोरली म्हणाली. तिच्या आवाजात कळवळा होता, पण पातळ होता. “ज्याचं काम त्यालाच करू द्यावं. हे नुसते बसून होते बिचारे.”

“नुसते बसले होते की आणखी काही?” धाकटी फिरली. “शेगडीपाशी कोण कोण आलं, ते विचारा आधी!”

“मी जागचा हललो नाही,” थोरला म्हणाला. हे अगदी खरं होतं.

“ह्यांच्यावर शिसं टाकल्याचा आळ घेतेस?”

“मी कुणाचं नाव घेतलं का, वहिनी? तुम्हालाच का लागलं?”

“पुरे!” धाकटा ओरडला. तो स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होता. “माझ्याच हातून झालंय. आईचं सोनं माझ्या हातून नासलं.”

कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. भिंतीशी बसलेली ताई उठून उभी राहिली होती.

आतापर्यंत ताईला या भांडणाची एक प्रकारची मौज वाटत होती. ती मुलगी, म्हणून तिला कुणी कधी हातोडी धरू दिली नव्हती. दोघे भाऊ आबांच्या मांडीशी बसून शिकले आणि ती आतून त्यांना चहा आणून द्यायची. त्यांचं बिनसलेलं पाहून तिचं कुठेतरी भरून निघायचं. पण धाकट्याचे हात पाहून तिला राहवेना.

“रुंद बांगडीत होतं ते,” ती म्हणाली. “फाशाला. मीच करून आणलं होतं.”

“काय करून आणलं होतंस?” आबा म्हणाले.

“आई माझ्याकडे राहायला आली होती ना, तेव्हा फासा निखळला. मी म्हटलं, घरी पाठवते. तर म्हणाली, नको. आमच्याकडे बाजारात चष्म्याच्या काड्या जोडून देणारा एक आहे, त्याच्याकडून जोडून घेतला.”

“चष्मेवाल्याकडून!” आबांना तुटलेल्या लगडीपेक्षा याचाच धक्का मोठा बसला. “दोन-दोन मुलगे कारागीर, आणि तुझ्या आईची बांगडी चष्मेवाल्याने जोडली?”

“मीपण हेच म्हटलं, आबा. तर आई म्हणाली, धाकट्याकडे दिली तर थोरला जेवताना बोलत नाही. थोरल्याकडे दिली तर धाकटा विचारतो, माझा हात आवडेनासा झाला का? मला आता त्यांची तोंडं बघायची ताकद नाही. जोडून आण आणि कुणाला सांगू नकोस.” ताई भावांकडे वळली. “ती घाबरायची रे तुम्हाला. दोघांनाही.”

दोघे भाऊ खाली बघत होते. सुनांनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं. रस्त्यावरून कुणीतरी खिडकीत डोकावून गेलं आणि आबा जागेवर नाहीत हे पाहून पुढे निघून गेलं.

आबा म्हणाले, “सोन्याचं काही नाही. पुन्हा आटवायचं, सोरा टाकायचा. दोन-तीनदा केलं की शिसं जळून निघतं. थोडी घट येईल, येऊ दे.” मग ते धाकट्याकडे वळले. “तू कस कुठे लावलास?”

“मधल्या भागावर.”

“फासा बघितला नाहीस?”

“आईची बांगडी होती, आबा. तिच्यावर काय संशय घ्यायचा?”

आबांनी मान हलवली. त्यांना हे उत्तर समजलं. मग त्यांनी टेबलापलीकडच्या स्टुलाकडे तोंड केलं. “आणि तू? समोर बसला होतास. उजेड तुझ्या बाजूचा. तुला नाही दिसलं?”

थोरली चटकन पुढे झाली. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. बांगडी मुशीत जाताना तो खिडकीबाहेर का बघत होता, ते तिला आत्ता या क्षणी कळलं होतं.

“त्यांना कसं दिसणार, आबा? एवढ्या लांबून? आणि हल्ली त्यांचेही डोळे दुखतात. मी म्हणतच होते, चष्मा करून घ्या.”

“दुखतात?” आबांनी विचारलं. “मला बोलला नाहीस ते?”

थोरल्याने बायकोकडे पाहिलं.

“मग आता सांगूनच टाकतो,” आबा म्हणाले. “ती खिडकीची जागा मी तुला द्यायची ठरवली होती. काल धाकट्याला सांगितलंसुद्धा. आजचं काम त्याला दिलं, ते त्याचं मन राखायला. जागा तुझ्या डोळ्यासाठी होती. पण समोरचं शिसं तुला दिसत नसेल, तर ते दिवस गेले म्हणायचे. मग जागा धाकट्याला देतो. त्याचा हात तरी शाबूत आहे.”

थोरल्याला आधी काही समजलंच नाही. मग हळूहळू समजलं. जागा त्याचीच होती. काल संध्याकाळपासून होती. तो ज्याच्यावर जळत स्टुलावर बसला होता, तो धाकटा त्याच्यावर जळत शेगडीपाशी उभा होता.

थोरली नजरेने विनवत होती. गप्प बसा. डोळे दुखतात म्हणा, मोकळे व्हा. जागा गेली तर गेली, पण घरात तोंड दाखवता येईल. धाकटाही बघत होता. त्याच्या पांढऱ्या चेहऱ्यावर थोडासा रंग परत आला होता. तो रंग थोरल्याने पाहिला. जागा याची. हात याचा. आणि उद्यापासून गाव म्हणणार, थोरल्याचा डोळा गेला, म्हणून धाकटा बसतो खिडकीत.

“दिसलं होतं मला,” थोरला म्हणाला.

“अहो!” थोरली म्हणाली.

“काय दिसलं होतं?” आबांनी विचारलं.

“फाशाच्या आतल्या अंगाला. डाव्या बाजूला. करडं, तांदळाच्या कणीएवढं. शिसं थोडं, कथील जास्त.” तो भराभर बोलत होता, गिऱ्हाइकाला सांगावं तसा. “याने बांगडी वळवली तेव्हा दिसलं. मुशीत जायच्या आधी.”

आबांनी ताईकडे मान वळवली. ताई रडत होती. तिने होकार दिला. डाव्याच बाजूला होतं ते.

आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. शिकवलेलं वाया गेलं नाही हे कळल्यावर म्हाताऱ्या कारागिराला जे वाटतं, ते होतं. ते आलं तसंच विझलं.

धाकटी नवऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता हा हातोडी उचलणार. त्याने उचलली असती तरी तिने त्याला अडवलं नसतं. पण धाकटा टेबलापाशी गेला, जिथे त्याने बांगडी धरली होती तिथे उभा राहिला आणि तिथून भावाच्या स्टुलापर्यंतचं अंतर त्याने डोळ्यांनी मोजलं.

“इतक्या लांबून?” त्याने विचारलं. “दादा, माझ्या हातात होती ती. आणि तुला इतक्या लांबून दिसलं?”

त्या आवाजात राग होता, पण नावाला. बाकी सगळा हेवा होता, उघडा, लहान मुलासारखा.

थोरल्याने तो ओळखला. जन्मभर त्याला धाकट्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. बायको तोंड झाकून उभी होती, बहीण रडत होती, आईचं सोनं दोन तुकडे होऊन पडलं होतं, आणि तरीही त्याला बरं वाटलं. ओठांच्या कोपऱ्यात ते थोडंसं उमटलंसुद्धा.

मोतीबिंदू असूनही आबांना ते दिसलं.

“खिडकी लावून घे,” ते धाकटीला म्हणाले. “तिथे आता कुणी बसायचं नाही.”